दोन दिवसांत पेंडंट नको, खड्याची वीस घरं करून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी दागिने करून विकणाऱ्या बायकांवर अख्खं पान आलं होतं. वाचून बरं वाटलं, कात्रण काढून ठेवलं. पण त्यात खडे बसवायचं काम दोन दिवसांच्या वर्गात सहज जमतं, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. हे काम सहज जमत नाही. आणि जमतं असं सांगून बोलावलं की शिकायला आलेल्या बाईचे पैसेही जातात आणि हुरूपही जातो. माझे दोन्ही गेले होते, म्हणून लिहिते आहे.

मी कोल्हापुरात ब्लाउज शिवते, पंचवीस वर्षं झाली. गेलं दीड वर्ष रविवारी, आणि जमेल तेव्हा रात्री दुकान बंद केल्यावर, चांदीत खडे बसवायला शिकते आहे. धंदा करायचा म्हणून सुरुवात केली नव्हती. आई गेल्यावर तिची चांदीची अंगठी माझ्याकडे आली. त्यात पोवळं होतं, मागून उघडं, खडा बोटाला लागावा म्हणून जसं करतात तसं. वर्षभरात ते हलायला लागलं. मी एका दुकानात दिलं. दहा मिनिटांत अंगठी परत हातात. मला वाटलं, केवढा सफाईदार माणूस! सहा-सात महिन्यांनी भांडी घासताना पोवळं निखळलं आणि मोरीच्या जाळीवर जाऊन थांबलं. नशीब जाळी बारीक होती. अंगठी उलटी करून बघितली तर आत पिवळट गोंदाचा पापुद्रा. खड्याला धरून ठेवणारी चांदीची कड झिजून कागदासारखी पातळ झाली होती. तिला कुणी हात लावला नव्हता, तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. परत विचारायला गेले तर म्हणाले, आता आमच्याकडे बसून खडे बसवणारा कारागीर नाही, सगळा माल बाहेरून येतो.

मग मी वर्गाला गेले. दुसऱ्या शहरात, दोन दिवस, ३,५०० रुपये. आम्ही बाराजणी होतो आणि गॅसचा टॉर्च एक. डाख, म्हणजे दोन तुकडे जोडायला वितळवतात तो धातू, लावायची वेळ आली की शिकवणारी मुलगी 'द्या मी करते' म्हणायची आणि करून द्यायची. तिचाही इलाज नव्हता. बाराजणींना दुसऱ्या दिवशी पाचच्या आत पेंडंट घालून फोटो काढायचा होता. खड्याचे कप तयार आणले होते. कपात थेंबभर गोंद, वर खडा, कड जरा दाबायची. फोटो छान आला. माझ्या गळ्यात जे होतं त्यातलं माझ्या हातचं काय, तर साखळी ओवली तेवढं.

गोंदाला मी सरसकट नावं ठेवत नाही. अर्धं छिद्र पाडलेला मोती तारेच्या खुंटीवर बसवतात तेव्हा गोंदच लावतात, ती रीतच आहे. पण खड्याला सगळीकडून कड आहे, ती कड वळवून खडा धरायचा आहे, आणि तिथे गोंद घालून काम झालं म्हणायचं, हे मला मान्य नाही. गोंद म्हातारा होतो. साबण, घाम, उन्हाळा यांनी सुटतो. चांदी सुटत नाही, झिजते. आणि झिजली तर दिसते.

शेवटी मला शिकवणाऱ्या माणसाची वाट माझ्याच दुकानातून निघाली. माझ्या एका गिऱ्हाइकाचे सासरे गुजरीच्या, म्हणजे आमच्या सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात खडे बसवायचं काम करतात. सत्तरी ओलांडलेली. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ताई, हितं बायका बसत न्हाईत." ते रागानं नव्हतं. त्यांच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासून कुणी बसलीच नव्हती. मी तीन वेळा गेले. तिसऱ्यांदा सुनेनं आतून चहा आणला तो दोन कप. तेव्हा म्हणाले, "आयतवारी या. खडा आणू नका. तांब्याची पट्टी आणा."

खडा आणू नका. वर्गात खडा पहिल्या तासाला हातात दिला होता. इथे पाच रविवार मी खड्याला हात लावला नाही.

आप्पा कोंदण हा शब्द फारसा वापरत नाहीत, ते 'घर' म्हणतात. खड्याचं घर. आधी घर, खडा शेवटी. कारण घर जोडायला डाख लागतो आणि डाख वितळायला धातू लाल होईपर्यंत तापवावा लागतो. शुद्ध चांदी ९६१ अंशांच्या पुढे वितळते, आणि डाखात तांबं-जस्त मिसळलेलं असल्यामुळे तो त्याच्या अलीकडे वितळतो. त्या आगीत बहुतेक खडे तडकतात, काहींचा रंग जातो. पोवळं आणि मोती तर आगीतही बिघडतात आणि नंतरच्या आम्लातही. डाख लावल्यावर काळवंडलेली चांदी स्वच्छ करायला आप्पा तुरटीच्या गरम पाण्यात टाकतात. पोवळं म्हणजे चुन्याच्याच जातीचं. त्या पाण्यात पडलं तर वरची चमक गेलीच. म्हणून सगळी आग, सगळं आम्ल, सगळी कानस आधी उरकायची, आणि थंड, कोरड्या, स्वच्छ घरात खडा न्यायचा. हा एवढा क्रम वर्गात कुणी सांगितला नव्हता. तयार कपाला त्याची गरजच पडत नाही.

पहिलं घर चुकलं ते माझ्या शिवणकामामुळे. खडा १० मिलिमीटरचा गोल धरला, पट्टी ०.३ मिलिमीटर जाडीची. हिशोब असा की खड्याचा व्यास आणि पट्टीची जाडी मिळवायची आणि ३.१४ ने गुणायचं, म्हणजे साधारण ३२.३ मिलिमीटर. मी कापली ३३ च्या वर. हात आपोआप माया सोडतो. कापडाला माया लागतेच, ती शिलाईत जाते. पट्टीची टोकं मात्र एकावर एक येत नाहीत, एकमेकांना फक्त भिडतात. तिथे सोडलेली एक मिलिमीटर माया व्यासात पाव मिलिमीटरहून जास्त ढिली पडते आणि खडा डबीतल्या दाण्यासारखा वाजतो. आप्पांनी ते घर कानाशी धरून हलवलं आणि काही न बोलता बाजूला ठेवलं.

दुसरं घर सांध्यावर गेलं. डाख फट भरत नाही, तो फक्त चिकटलेल्या दोन कडांमधून धावतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, थोडी फट असली तरी डाख भरेल, जसं मी जाड दोऱ्यानं उसवलेलं झाकते. आप्पा पट्टी वळवून दिव्यापुढे धरायला लावतात. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. डाख नीट धावावा म्हणून टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात उगाळून सांध्याला लावायचा, डाखाचा तिळाएवढा तुकडा ठेवायचा, आणि ज्योत डाखावर न धरता सगळ्या घरावर फिरवायची. डाख उष्णतेच्या मागे पळतो. जिथे धातू जास्त तापलेला तिकडे जातो. मी तुकड्यावरच ज्योत धरली, त्याची गोळी झाली आणि ती गडगडत खाली गेली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी टाकणखार काचेसारखा झाला आणि डाखाची चकचकीत रेघ सांध्यातून एका क्षणात सरकत गेली. इतक्या जवळून ते मी पहिल्यांदाच बघत होते. तोंडातून शब्द फुटला नाही.

पुढे घराचा तळ पत्र्यावर जोडायचा. त्याला आधीपेक्षा नरम, म्हणजे कमी उष्णतेत वितळणारा डाख, नाहीतर पहिला सांधा पुन्हा सुटतो. मग उंची. उंचीवर मी सगळ्यात जास्त रविवार घालवले. कड फार उंच ठेवली तर खडा विहिरीत बसल्यासारखा दिसतो आणि वळवताना कडेला सुरकुत्या पडतात. फार बुटकी ठेवली तर धरायला काही उरतच नाही. खड्याचा फुगा जिथून आत वळायला लागतो त्याच्या किंचित वर कड हवी, बस्स. किंचित म्हणजे किती, ते मोजपट्टी सांगत नाही. पॉलिश पेपरवर घर पालथं घालून घासायचं, खडा ठेवून बघायचा, पुन्हा घासायचं. आणि खडा ठेवून बघताना खाली दोरा हवा. दोरा नसेल आणि खडा घट्ट बसला, तर तो निघत नाही, आणि अजून बरंच काम बाकी असतं. दोरा मी माझ्याच दुकानातला नेते. आप्पांनी आता त्यातलं एक रीळ ठेवून घेतलंय.

आता कड वळवण्याबद्दल. वर्गात एवढंच सांगितलं होतं की 'गोल गोल दाबत जा'. मी इथेही तसंच केलं. एका बाजूनं सुरुवात करून दाबत दाबत गेले आणि फिरून आल्यावर शेवटी पट्टीची एक जाड घडी उभी राहिली, काही केल्या बसेना. आप्पांनी विचारलं, "फुग्याच्या बाहीला चुण्या कशा घालता?" मी म्हटलं, आधी चार ठिकाणी टाचण्या लावते, समोरासमोर. मग प्रत्येक टाचणीच्या मधलं कापड पुन्हा अर्धं-अर्धं वाटून घेते. "मग?" म्हणाले, आणि ऐरणीकडे वळले.

तेवढ्यानं लख्ख कळलं. कडेचा वरचा घेर ३२ मिलिमीटरचा. तो खड्याच्या उतारावर झुकवला की दोन-अडीच मिलिमीटरनं कमी व्हायला हवा. कापडाला मी कातर मारते, चांदीला मारता येत नाही. तो जास्तीचा धातू स्वतःतच दाबला गेला पाहिजे, आणि तोही सगळीकडे सारखा. म्हणून आधी समोरासमोर चार ठिकाणी दाब, मग त्यांच्या मधोमध चार, मग त्यांच्याही मध्ये. शेवटी ओपणी, म्हणजे घासून गुळगुळीत करायचं हत्यार, फिरवायची की कड खड्याला चिकटून एकसंध होते, नखाला लागत नाही. नख अडकलं की तिथे साडीचा धागाही अडकणार. ही परीक्षा मला कुणी शिकवावी लागली नाही, ब्लाउजची हुक-पट्टी मी अशीच तपासते.

खडे द्यायला लागले तेव्हा आप्पांनी अकीक दिला, खंभातहून येणारा, तपकिरी, स्वस्त. अकीक दणकट असतो, नवशिक्याचा हात सोसतो. मला तो फार साधा वाटला. मी बाजारातून चंद्रकांत मणी आणला, आतून निळी झाक मारणारा. दिसायला इतका सुंदर की आप्पांना विचारलंही नाही. दोन बाजू नीट वळल्या. तिसऱ्या बाजूला जरा जोर लागला आणि 'टक्' असा बारीक आवाज आला. खडा जागचा हलला नाही. पण निळी झाक एका रेषेवर येऊन तुटत होती. चंद्रकांताच्या आत फुटायच्या ठरलेल्या दिशा असतात, त्या दिशेनं दाब आला की तो पापुद्रा सुटावा तसा सुटतो. कठीण असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं, हे त्या दिवशी समजलं. हिरा सगळ्यात कठीण, ओरखड्याला दाद देत नाही, पण योग्य दिशेनं ठोका बसला तर तोही दुभंगतो. पाचूच्या आत तर बहुधा आधीच चिरा असतात. म्हणून नवशिक्या हातात पाचू कुणी देत नाही, देऊही नये.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं कारण मला वर्ग घेणाऱ्यांशी बोलायचं आहे, आणि ते आपलं वर्तमानपत्र वाचत असतील. माझी विनंती एवढीच आहे की दोन दिवसच घ्यायचे असतील तर दोन दिवसांत पेंडंट देऊ नका. प्रत्येकीला हातभर तांब्याची पट्टी द्या, दोन-चार अकीक द्या, आणि एकच साधं गोल घर पुन्हा पुन्हा करून घ्या. सांधा उजेडात धरून दाखवायला लावा. फसलेली घरं फेकू नका, ओळीनं मांडून ठेवायला सांगा. माझी फसलेली घरं एका पानाच्या डब्यात आहेत. पहिलं आणि अकरावं शेजारी ठेवलं की काय सुधारलं ते कुणी सांगावं लागत नाही. बाराजणींना एक टॉर्च असेल तर बाराजणींना बोलावू नका, चौघींना बोलावा.

डाख कशाचा आहे तेही सांगा. कॅडमियम घातलेला डाख छान पातळ धावतो म्हणून अजून काही ठिकाणी वापरतात. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. मी गेले त्या वर्गात खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता, आणि डाखात काय आहे हे विचारल्यावर उत्तर आलं नाही. पैसे देऊन शिकायला येणाऱ्या बाईला हे विचारायचा हक्क आहे, आणि तिनं पहिल्या दिवशीच विचारावं. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये, टाकणखार उगाळायला घरातली सहाण घेऊ नये.

दुसरं गाऱ्हाणं गिऱ्हाइकांकडे. २०२१ पासून सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला आणि आपण सगळ्या शिक्का बघून घ्यायला शिकलो, हे चांगलंच झालं. पण तो शिक्का धातूचा कस सांगतो, खडा कसा बसलाय ते नाही. दागिना घेताना कड खड्याला सगळीकडून भिडली आहे का ते बघा, खडा कानाशी धरून हलवा, आणि दुकानदाराला सरळ विचारा की हा वळवून बसवलाय की चिकटवलाय. चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदार कारागीर शोधेल.

आणि तिसरं, आमच्या गुजरीतल्या, हुपरीच्या, पुण्या-मुंबईच्या जुन्या कारागिरांना हात जोडून. आप्पांकडे दुरुस्तीला आलेला एक जुना कोल्हापुरी साज मी पाहिला. साजात २१ पानं मानतात, त्यात एक माणकाचं, एक पाचूचं. त्या साजाची पानं कडेला झिजून मऊ झाली होती, गाठवणीचा दोरा तर कितीदा बदलला असेल, पण लाल खडा आपल्या घरात घट्ट होता. ज्यानं तो बसवला त्याचं नाव कुणाला माहीत नाही. आप्पांच्या दोन्ही मुलांनी हे काम घेतलं नाही, एक बँकेत आहे, एक पुण्यात. त्यांना दोष नाही. दिवसभर मान घालून बसायचं, डोळे जातात, आणि मजुरी म्हणावी तशी मिळत नाही. पण मग दाराशी आलेल्या परक्या माणसाला, परक्या बाईला, एक पाट द्या. आमच्याकडून झाडलोट करून घ्या. गुजरीत झारेकरी गटारातली माती धुऊन सोन्याचे कण काढतात, इतकं इथलं कणभरही वाया जाऊ देत नाहीत. तुमच्या हातातलं काम तसंच जाऊ देऊ नका. आप्पा आता त्यांच्या नातीलाही बसवतात. ती सातवीत आहे. आणि हे सांगायलाच हवं, तिचा सांधा माझ्यापेक्षा साफ येतो.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा एखाद्या बोळात जाऊन अर्धा दिवस बसा, आणि एक घर पट्टी कापण्यापासून ओपणीपर्यंत कसं होतं ते छापा. फोटो तयार पेंडंटचा नको, हाताचा छापा.

आईची अंगठी अजून डबीतच आहे. आप्पांनी जुनी कड कापून काढली, आतली बैठक तशीच ठेवली आणि मला सांगितलं की पोवळ्याला अकीकासारखं दाबता येत नाही, ते नखानंही जपून धरायचं. नवी कड शुद्ध चांदीची घ्यायची, ताव देऊन मऊ करायची, म्हणजे कमी जोरात वळेल. सलग वीस घरं न वाजणारी झाली की मग त्याला हात लाव, असं आमचं ठरलं आहे. गेल्या रविवारी सतरावं झालं. ते आप्पांनी कानाशी धरलं, हलवलं, आणि खिडकीत ठेवलं.

आपली,
ब्लाउज शिवणारी एक वाचक,
कोल्हापूर